एकाच हाताचा बॉल

“सगळ्यांना होईल असा दाखव,” काउंटरवर पर्स ठेवत आई म्हणाली.

काउंटरमागची पल्लवी सोनटक्के गोंधळली. एकेकाळी ती राज्याकडून बोलिंग खेळलेली. आता पुण्यातल्या त्या बोलिंग सेंटरच्या कोपऱ्यात तिचं छोटंसं दुकान होतं. बॉल विकायचे आणि गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे त्यांना बोटांची भोकं पाडून द्यायची, हा तिचा धंदा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आई गाऊन घ्यायला गेली तरी हेच वाक्य म्हणते, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार?

“सगळ्यांना म्हणजे, काकू?”

“म्हणजे मी, शालन, बेबी आणि नसीम. आमची भिशी आहे कोल्हापुरात. चौघी मिळून खेळतो. आणि सुट्टीला नात आली तर तिलापण झाला पाहिजे. वस्तू घ्यायची तर चार जणांच्या उपयोगाची घ्यावी.”

“नात केवढी आहे?”

“पहिलीला.”

पल्लवीनं हसू दाबलं. मला मात्र हसू येत नव्हतं. आईचा हा स्वभाव मी जन्मापासून ओळखून होते, आणि याच स्वभावापायी ती हाती आलेली गोष्ट घालवणार, अशी धास्ती मला सकाळी स्वारगेटला तिला उतरवून घेतल्यापासून वाटत होती.

गोष्ट अशी होती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमची पिठाची गिरणी. बाबा लवकर गेले आणि आईनं ती एकटीनं चालवली. माझा भाऊ संग्राम मोठा होऊन गिरणीत बसायला लागला, तेव्हा कुठं तिच्या हातांना सुट्टी मिळाली. त्याच सुमारास कोल्हापुरातल्या एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर बोलिंग सुरू झालं. शालनमावशीच्या वाढदिवसाला भिशीच्या बायका तिथं गेल्या त्या एसीची हवा खायला. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून बॉल घरंगळत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या, एवढा तो खेळ. बाकीच्यांचे बॉल कडेच्या पन्हाळीत गेले. आईनं पहिल्याच फटक्यात आठ पिना आडव्या केल्या. पंधरा किलोचा धान्याचा डबा एका झटक्यात गिरणीच्या तोंडात उपडा करणारी बाई ती, तिला त्या बॉलचं काय वजन वाटणार!

मग ती दर मंगळवारी सकाळी जायला लागली. वर्षभरात तिचा आकडा चढत गेला आणि एका जागी येऊन अडला. तिथल्या मॅनेजरनं, इम्रान मुजावरनं, तिला स्पष्ट सांगितलं, “मावशी, तुम्ही आता सेंटरच्या बॉलच्या पुढं गेलाय. स्वतःचा घ्या.” नुसतं सांगून तो थांबला नाही. पुण्यात पन्नाशीपुढच्या बायकांची स्पर्धा होती, राज्यभरातून बायका येणार होत्या, तिथं त्यानं आईचं नाव पाठवून दिलं. एकटीचं. नेमका त्या महिन्यात भिशीचा नंबरही आईचाच लागला. आता तीन आठवड्यांत बॉल घ्यायचा, हाताला बसवायचा आणि मैदानात उतरायचं, एवढंच राहिलं होतं. आणि आई निघाली होती चौघींचा सामायिक बॉल घ्यायला!

पल्लवीनं काउंटरवर तीन बॉल मांडले. एक लाल, एक जांभळा चमचमता, एक राखाडी-निळा.

“हा लाल साधा प्लॅस्टिकचा,” ती म्हणाली. “सगळ्यात स्वस्त. पण तुमच्या सेंटरच्या बॉलसारखाच सरळ जाणार. हा जांभळा सगळ्यात महाग. पट्टीवर तेल असतं, त्या तेलातून बाहेर पडला की हा असा काही वळतो, की मोठमोठे खेळाडू बघत राहतात.”

“तोच द्या,” मी लगेच म्हणाले. “आई, भिशीचे पैसे राहू देत. हा माझ्याकडून.”

“गप गं राजू.” आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “बाळ, तू सांग. मला काय झेपेल?”

“जांभळा नाही झेपणार,” पल्लवीनं सरळ सांगून टाकलं. “राग मानू नका. तो वळतो, पण कधी, कुठं, किती, हे कळायला हात मुरलेला लागतो. नवख्या माणसाच्या हातात तो मोकाट सुटतो. तुम्ही टाकता कशा ते बघू या आधी.”

तिनं आम्हाला बाहेर पट्टीवर नेलं आणि सेंटरचा एक बॉल आईच्या हातात दिला. आईनं ओढणी कमरेला खोचली. अंगावर माझा जुना पंजाबी ड्रेस होता, मनगटावर बाबांचं घड्याळ, नाकावर संग्रामच्या बायकोनं टाकून दिलेल्या फ्रेममधला चष्मा. पायात मात्र सेंटरचे भाड्याचे बूट. ती चार पावलं चालली, वाकली आणि बॉल सोडला. बॉल नाकासमोर सरळ गेला, पुढच्या पिनेला डोक्यात बसला आणि मागे दोन टोकांना दोन पिना म्हातारीच्या उरलेल्या दोन दातांसारख्या उभ्या राहिल्या.

“हे असंच होतं बघ,” आई वैतागली. “दोन टोकाला दोन. आता ह्या दोन्ही एकदम कुणाच्या बापाला पडणार?”

“परत टाका.”

तीनचार वेळा तसंच झालं. पल्लवी मात्र पिनांकडे बघतच नव्हती. ती आईच्या मनगटाकडे बघत होती.

“काकू, सोडताना तुमचा हात शेवटी आतल्या बाजूला फिरतो. कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाई. डबा उपडा करताना शेवटी असा हिसका द्यावा लागतो, नाहीतर तळाला दाणे राहतात.”

“तो हिसका फुकट चाललाय. सेंटरच्या बॉलची भोकं सैल असतात, कुणीही यावं आणि बोटं घालावीत म्हणून. तुम्हाला बॉल पडू नये म्हणून आवळून धरावा लागतो. मग तो फिरणार कधी? भोकं तुमच्या मापाची असली, तर बॉल हाताला आपला आपण चिकटून राहील, अंगठा अलगद सुटेल आणि बॉल थोडासा, अगदी शेवटी, वळेल. पुढच्या पिनेच्या नाकावर न आपटता बगलेत शिरेल. मग बघा किती राहतात उभ्या.”

दुकानात परत आल्यावर तिनं राखाडी-निळा बॉल पुढे सरकवला. “हा मधला. बेताचा वळतो, रोज सारखाच वळतो. शिकणाऱ्या माणसाला असाच बॉल हवा. चुकलं तर आपलं काय चुकलं ते कळतं. आणि रंग गेल्या वर्षीचा आहे, म्हणून किंमत उतरलेली.”

“रंग जुना झाला म्हणून स्वस्त?” आई हसली. “मग मीपण स्वस्तच म्हणायची! दे हाच.”

इथवर सगळं सुरळीत झालं. मला वाटलं, सुटलो. पल्लवीनं मापं घ्यायची पट्टी काढली. त्या पट्टीला वेगवेगळ्या आकारांची भोकं होती, त्यात बोटं घालून बघायची. तिनं आईचा हात हातात घेतला, तर आईनं तो सोडवून घेतला आणि पर्स उघडली.

“थांब. मापं मी आणल्यात.”

पर्समधून तिनं कागदाच्या तीन पुड्या काढल्या. एकीवर शालन, एकीवर बेबी, एकीवर नसीम. इम्राननं म्हणे तिला सांगितलं होतं, की बॉलमध्ये सगळा खेळ अंगठ्याचा. तेवढं ऐकून आईनं मैत्रिणींना फर्मान सोडलं होतं: प्रत्येकीनं आपल्या अंगठ्याला दोरा गुंडाळून, गाठ मारून पुडी करून द्यायची. बांगड्यांचं आणि अंगठीचं माप धाडतात तसं.

“आता असं कर बाळ,” तिनं पल्लवीला शिंप्याला समजावावं तसं समजावलं. “हे तीन आणि माझा चौथा, ह्यात सगळ्यात मोठा कुठला ते बघ. त्याच्या मापाचं भोक पाड. वर थोडी माया ठेव. बारीक बोटांच्या आत चिंधी गुंडाळून घेतील.”

“काकू, बॉलला माया ठेवत नाहीत.”

“ब्लाउजला ठेवतात, मग बॉलला का न्हाई?”

“कारण मग तो कुणालाच होत नाही! सैल भोकाचाच बॉल हवा असेल, तर सेंटरचा काय वाईट होता?”

माझा संयम संपला. “आई, नाव तुझं गेलंय. स्पर्धा तुझी आहे. त्या तिघींपैकी कुणी येणारे का खेळायला?”

“आणि मंगळवारी? मी तेवढी चांगल्या बॉलनं खेळू आणि त्या सेंटरच्या दगडानं? तोंड कसं दाखवू त्यांना? तुझे बाबा गेले तेव्हा शालन महिनाभर माझ्याबरोबर गिरणीत उभी होती. विसरलीस?”

मी विसरले नव्हते. शालनमावशीच्या केसांत पीठ असायचं, आणि ती मला शाळेला जाताना डबा भरून द्यायची. जिथं उपकार आहेत तिथं हिशेब मांडायचा नाही, असं वळण आईनंच लावलेलं. पण मला पुढचं सगळं दिसत होतं. सैल भोकाचा बॉल घेऊन ती स्पर्धेला येणार, पहिल्या फेरीत बाहेर पडणार आणि परतीच्या एसटीत बसताना म्हणणार, “जाऊ दे, आपलं काय ते वय आहे!” तिनं अशा कितीतरी गोष्टी ‘जाऊ दे’ म्हणून सोडलेल्या मी पाहिल्या होत्या. ही सुटू नये, असं मला जिवापाड वाटत होतं.

“बरं, बघू तर किती फरक आहे,” म्हणत पल्लवीनं पुड्या उघडल्या. एकीतून लाल दोरा निघाला, एकीतून हिरवा, एकीतून पांढरा. तिनं तिन्ही वेटोळी काचेवर ठेवली. मग एकावर एक ठेवली. मग कपाळाला आठी घालून पट्टीच्या भोकांवर एकेक धरून पाहिली.

“काकू, ही तिन्ही एकाच मापाची आहेत.”

“असं कसं?” आई पुढं झाली. “शालनचा अंगठा पेन्सिलीएवढा. बेबीचा म्हणशील तर केळ्याएवढा. नीट बघ.”

“तुम्हीच बघा.”

आईनं लाल दोरा उचलला आणि सहज आपल्या उजव्या अंगठ्यात सरकवला. बरोबर बसला. हिरवा सरकवला. तोही बसला. पांढराही. आता आईचा उजवा अंगठा साधासुधा नव्हता. गिरणीतून पडणारं पीठ बारीक आलं की जाडं, हे ती अंगठ्याखाली चोळून बघायची. उभ्या आयुष्यात इतकं पीठ चोळलं, की तो अंगठा टोकाला चपटा आणि रुंद झाला होता. तसला अंगठा दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

आई त्या तीन दोऱ्यांकडे बघत राहिली. मग तिनं फोन काढला आणि शालनमावशीला लावला. आई स्पीकरवरच बोलते, त्यामुळे सगळं दुकान ऐकत होतं.

“शालन, हे दोरे कुणाच्या मापाचे?”

पलीकडून खिदळण्याचा आवाज आला. एकटीचा नव्हे, तिघीही तिथंच होत्या.

“कळलं व्हय गं?” शालनमावशी म्हणाली. “तुझ्याच अंगठ्याचे. पन्हाळ्याला गेल्तो तेव्हा जेवून आडवी झालीस नव्हं? बेबीनं हात धरला, मी दोरा गुंडाळला, नसीमनं गाठ मारली. तीन रंगाचे घेतले, तुला संशय नको म्हणून.”

“मला जाग कशी आली न्हाई?”

“तू घोरत होतीस!”

“मी घोरत न्हाई,” आई म्हणाली, आणि पल्लवीकडे बघून खालच्या आवाजात पुन्हा, “मी घोरत नाही गं.”

“विजू, ऐक.” शालनमावशीचा आवाज एकदम बदलला. “आम्हाला ठाऊक होतं, तू चौघींचा बॉल करून आणणार. स्वतःच्या लग्नातला शालू नणंदेला दिलेली बाई तू. पण आम्ही खेळतो का? आम्ही येतो भेळ खायला आणि तुला बघायला. त्या मंगळवारी तू सगळ्याच्या सगळ्या पाडल्यास, शेजारची कॉलेजची पोरं उभी राहून टाळ्या वाजवाय लागली. नसीमनं घरी जाऊन सासूला सांगितलं, बेबीनं अख्ख्या गल्लीला सांगितलं. आमच्यात एक खरी खेळणारी निघाली, ह्याचा आम्हाला काय माज आहे तुला काय सांगू! आता तुझ्या बॉलात दुसरीचा अंगठा गेलेला दिसला, तर बॉल पंचगंगेत टाकीन. ठेवतो.”

फोन बंद झाला. आई तशीच उभी होती, तीन दोरे अंगठ्यात. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या तिघींना पुण्याहून ओरडून सांगावंसं वाटत होतं, की तुम्ही जे केलंत ते मला, तिच्या पोटच्या पोरीला, सुचलं नाही. मी महागातला बॉल द्यायला निघाले होते. तिला काय द्यायला हवं, ते त्यांना ठाऊक होतं.

आईनं नाक पुसलं आणि हात पल्लवीपुढे केला.

“घे माप. माझ्यापुरतं.”

पल्लवीनं दोऱ्यांवर विसंबून काम केलं नाही. खेळून हात तापला की बोटं किंचित फुगतात, म्हणून तिनं आईला आणखी थोडा वेळ टाकायला लावलं आणि मगच मापं घेतली. मधल्या बोटाचं, अनामिकेचं, अंगठ्याचं, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतच्या अंतराचं. अंगठ्याचं भोक तिला गोल पाडून भागेना, म्हणून ते ती घासून घासून चपटं करत होती. पुन्हा पुन्हा आईला बोलवायची, “घाला बघू,” म्हणायची, आणि पुन्हा घासायची. शेवटी एकदा आईनं अंगठा घातला आणि परत काढलाच नाही. नुसता बॉल हातात धरून उभी राहिली.

“कसा वाटतोय?”

“माझा हात कुणीतरी हातात धरल्यासारखा,” आई म्हणाली.

पुढचे तीन आठवडे सगळे सुखाचे गेले असं नाही. नवा बॉल वळायचा, आणि आई सवयीनं सरळ टाकायची, त्यामुळे तो भलतीकडेच जायचा. रोज फोनवर ती त्या बॉलला शिव्या घालायची. “ह्याला माझ्याहून जास्त अक्कल आहे,” म्हणायची. एक दिवस फोनवर नुसतंच म्हणाली, “राजू, आज आम्ही दोघांनी जुळवून घेतलं.” मी ऑफिसात होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी उगाचच पेढा आणून दिला.

स्पर्धेच्या दिवशी त्याच सेंटरमध्ये मी लवकर जाऊन बसले. कोल्हापूरहून त्या तिघी आल्या होत्या, पिशव्यांतून चिवडा, कांदा आणि लिंबू घेऊन. मुंबई-नागपूरच्या बायका मोठमोठ्या चाकांच्या बॅगा ओढत येत होत्या. एकेकीकडे दोनदोन बॉल. आईनं आपला एकुलता एक बॉल भाजीच्या जाड कापडी पिशवीतून काढला आणि पुसून मांडीवर घेऊन बसली.

सरावाची वेळ सुरू झाली आणि शेजारच्या पट्टीवर गोंधळ उडाला. तिथल्या मुंबईच्या बाईंचा बॉल मागच्या यंत्रात अडकला होता. सेंटरचा माणूस आत गेला होता, पण वेळ लागणार होता, आणि सरावाची मिनिटं संपत चालली होती. बाई नीटनेटक्या, गोडबोल्या. घामाघूम होऊन इकडेतिकडे बघता बघता त्यांची नजर आईच्या बॉलवर गेली.

“ताई, तुमचा बॉल द्याल का दोन फेकींपुरता? नुसता हात मोकळा करते. माझ्या बॉलच्या वजनाचाच दिसतोय.”

मागे शालनमावशीचा चिवड्यातला हात थांबला. आईनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. शेजारणीला साखर, नणंदेला शालू, अडल्या बाईला उधार दळण, जो जे मागेल ते. ‘घ्या की, त्यात काय,’ हे तिच्या ओठांवर कायम ठेवलेलंच. आताही ती उठली. बॉल दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, दिला.

आई त्या बाईंकडे बघून छान हसली.

“सेंटरचे तिकडे मांडलेत, त्यातला घ्या बाई. हा न्हाई मी देणार.”

“अहो, दोनच फेकी—”

“एकपण न्हाई. हा माझा आहे.”

एवढं बोलून तिनं अंगठा आत सरकवला, चार पावलं चालली आणि बॉल सोडला. तो आपला तेलातून सरळ जात राहिला, आता जाणार कडेला असं वाटेपर्यंत, आणि शेवटी हलकेच वळून पुढच्या पिनेच्या बगलेत शिरला. दहाच्या दहा आडव्या. नुसता सराव होता, कुणी आकडा मांडत नव्हतं. त्या दिवशी पुढे ती चौथी आली. पदक पहिल्या तिघींनाच होतं, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटलं नाही. पण ते नंतरचं. त्या क्षणी त्या गारेगार, शिस्तीच्या हॉलमध्ये, राज्यभरातून आलेल्या इभ्रतदार बायकांच्या देखत, मी खुर्चीवर उभी राहिले, दोन बोटं तोंडात घातली आणि मंगळवार पेठेत शिकलेली शिट्टी वाजवली.